गुंजाळ सरांची पेटी

१

पेटीचं झाकण उघडलं आणि श्रीमंतराव वाबळे मटकन खुर्चीत बसले.

"हा आपला दगड नाही," ते म्हणाले. "आप्पासाहेब, आपण लुटले गेलो!"

श्रीमंतराव म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी. आणि आप्पासाहेब झरेकर म्हणजे निवृत्त फौजदार, हल्ली संस्थेच्या मंडळावर. पाथर्डीपासून पारनेरपर्यंत आपलं नाव ऐकून भुरटे चोर वाट बदलायचे, असं ते स्वतःच सांगत. ते खरंच होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसायचीही सोय नव्हती.

१९७१ सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. सोमवारी पुण्याहून विद्यापीठाची समिती यायची होती. तिनं मान डोलावली की कॉलेजात भूगर्भशास्त्राचा वर्ग सुरू होणार होता, आणि तिच्यापुढे ठेवायचा मानाचा नग म्हणजे या सागवानी पेटीतला दगड. कैलासवासी मच्छिंद्र गुंजाळ सरांनी तो बिहारातल्या अभ्रकाच्या खाणीतून आणला होता. जामखेडच्या माळावर शेरडं वळणारा पोरगा दगडांचा प्रोफेसर झाला, याचा अख्ख्या नगरला अभिमान, आणि सरांना अभिमान या दगडाचा. पाण्यासारखा नितळ, हिरवट झाकेचा, पात्यासारख्या स्फटिकांचा असा तो दगड होता.

आता मखमलीच्या खाचेत जो चपखल बसला होता तो मात्र दौतीत बुडवून काढल्यासारखा निळाकाळा होता. वरच्या अंगाला तेवढा एक फिकट डाग, दोन टिकल्या एकमेकींना चिकटाव्यात तसा. एका चिरेत काहीतरी तांबूस अडकलेलं.

"बघा, ठेवून ठेवला तोही डागाळलेला माल!" श्रीमंतराव कडाडले. "कुणी हात लावू नका. समिती गेली की रीतसर पंचनामा. पण आधी, दानीएल, किल्ली काढ."

दानीएल भिंगारदिवे भिंतीपाशी उभा होता. प्रयोगशाळेचा रखवालदार म्हणा, मदतनीस म्हणा. सरांच्या काळापासून ही खोली त्याच्या हातची. पेटीची एकुलती एक किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात, क्रुसाशेजारी असायची. तो आंघोळीलाही ती काढत नाही, अशी कॉलेजात थट्टा चाले. त्यानं दोरा मानेवरून ओढला, गाठ दातांनी सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. मान मात्र ताठ होती.

"दानीएल," आप्पासाहेब म्हणाले, "सुट्टीत ही पेटी कुणी उघडली हुती?"

"उघडली हुती," दानीएल म्हणाला. "कुनी, ते मी सांगनार न्हाई. फाशी द्या, तरी न्हाई."

२

"सोमवारपर्यंत दगड सापडला नाही, तर त्याला पोलिसांच्या हवाली करतो," श्रीमंतरावांनी बजावलं. "आणि नोकरीवरून तर गेलाच म्हणून समजा."

दानीएल येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. इतकी वर्षं सचोटीनं काढून शेवटी चोर म्हणून घरी जायचं? आप्पासाहेबांना वाटलं, आधी दानीएलचं घर गाठावं. पण फौजदारी डोकं म्हणालं, घर नंतर गाठ, आधी दगड म्हणजे काय ते समजून घे.

दगडांचं खातं तूर्त रसायनशास्त्राच्या मुक्ता पठारे बाईंकडे होतं. तरुण बाई, बोलायला चटपटीत, आज मात्र चेहरा उतरलेला.

"व्हिवियनाईट म्हणतात त्याला," त्या म्हणाल्या. "लोखंड, स्फुरद आणि पाणी."

"स्फुरद? आपण शेतात खत टाकतो त्यातलं?"

"तेच. आप्पासाहेब, जमिनीत खोलवर खडकाचा रस निवत जातो ना, तेव्हा शेवटी थोडा पातळ, पाणीदार रस उरतो. आधीच्या दगडांत जे जे मावलं नाही ते सगळं त्यात गोळा झालेलं असतं. त्याचे स्फटिक मोठमोठे होतात. त्या खडकाला पेग्मटाईट म्हणायचं. अभ्रक त्यातलंच. आणि त्यातच लोखंड-स्फुरदाचे काळपट गोळेही असतात."

"म्हंजे हा तसला गोळा?"

"नाही, हा त्याचा मुलगा म्हणा. खडक गार झाल्यावर, फार फार पुढे, भेगांतून पाणी झिरपतं. ते त्या जुन्या गोळ्याला कुरतडतं, विरघळवतं, आणि जवळच्या पोकळीत, अंधारात, त्याच द्रव्याचा नवा स्फटिक धरतो. दुसऱ्या पिढीचा दगड. इतका मऊ की नखानं ओरखडा उठेल."

"आणि आता पेटीत हाय तो?"

बाई घुटमळल्या. "तेच मला उमगत नाही. घडण तीच दिसते, पाती तशीच. रंग तेवढा वेगळा. पण पुस्तकात या खनिजाचे रंग दिलेच आहेत पुष्कळ. बिनरंगी, हिरवट, निळा, काळपट. खाण वेगळी, रंग वेगळा, असं मी धरून चालले."

"सर हा दगड कसा दाखवायचे?"

बाईंना त्याही परिस्थितीत हसू आलं. "थाटात! आधी पडदे ओढायचे. मग कंदील लावायचा. पेटी उघडायची, आम्ही जरा कुठे डोळे भरून पाहतोय तोवर झाकण बंद. म्हणायचे, याला अंधाराची सवय आहे. सरांना नाटकाची हौस होती."

आप्पासाहेब जायला निघाले, तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. दसऱ्याच्या आधी तो दगडांचा व्यापारी गोरक्षनाथ आला होता. दगडाला काय घ्याल म्हणून विचारत होता."

३

गोरक्षनाथाचं दुकान माळीवाड्यात. विहिरी खणताना काळ्या पाषाणाच्या पोटात पांढऱ्या, गुलाबी स्फटिकांची फुलं निघतात. ती विकत घ्यायची आणि मुंबईला धाडायची, हा त्याचा धंदा. आप्पासाहेबांना पाहताच त्यानं खुर्ची पुसली, चहा सांगितला, आणि एवढं सगळं करताना त्याला दरदरून घाम फुटला.

"मी न्हाई चोरला, साहेब!"

"चोरला म्हनून कोन म्हनलं? तुला कुनी सांगितलं चोरी झाली म्हनून?"

"सगळं नगर बोलतंय, साहेब. सेक्रेटरी साहेबांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येतो."

हे मात्र खरं होतं. आप्पासाहेबांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं.

"मागायला गेल्तो, व्हय," गोरक्षनाथ म्हणाला. "कालिजात न्हाई म्हनले, म्हनून सरांच्या मंडळींकडं गेलो. मनकर्णाबाईंनी असं फैलावर घेतलं की चपला हातात घेऊन पळालो. म्हनल्या, माझ्या मालकाचा जीव हाय त्यो, जिवाला काय भाव लावतोस? तवापासून न्हाई फिरकलो."

"मग बदलला कुनी? तुझ्याकडं तसला निळा हुता का?"

आता मात्र गोरक्षनाथाचा धंद्याचा अभिमान जागा झाला. तो छाती काढून म्हणाला, "साहेब, दगडाच्या बाबतीत मला कुनी शिकवू नये. आमच्या काळ्या पाषानात असलं निपजतच न्हाई. आमची फुलं वेगळी, त्यो वंश वेगळा. निळा असू द्या न्हाईतर पांढरा, उभ्या जिल्ह्यात त्याचा जोडीदार न्हाई. आन् ज्याच्याकडं एक असंल त्यो तसला मौल्यवान नग पेटीत ठेवून दुसरा कशाला न्हेईल? मी तर दोन्ही न्हेले असते!"

आप्पासाहेबांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. चोर फार प्रामाणिक होता म्हणायचा! दुर्मिळ माल नेला आणि तितकाच दुर्मिळ माल ठेवून गेला. आणि ठेवला तोही खाचेत काटेकोर बसणारा, पण रंगानं असा की आंधळ्यालासुद्धा कळावं.

आंधळ्याला. हा शब्द का कुणास ठाऊक त्यांच्या डोक्यात घोळत राहिला.

४

दानीएलनं घरीही तोंड उघडलं नाही. त्याची बायको छबूबाई तेवढी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "भाऊजी, यांनी आजवर कुनाची सुई उचलली न्हाई. पर ह्येंचा ताठा! जीव जाईल, ताठा जायचा न्हाई."

"ताठा न्हाई त्यो," दानीएल म्हणाला. "सरांच्या घरावर चिखल उडू द्यायचा न्हाई. बास."

असं म्हणून तो उठून आत गेला. पण आप्पासाहेबांना पाहिजे होतं ते मिळालं होतं. सरांच्या घरावर! ते तडक गुंजाळांच्या घरी गेले.

मनकर्णाबाई दारातच बसल्या होत्या. "कोन?" त्यांनी विचारलं, आणि आप्पासाहेबांनी 'राम राम वहिनी' म्हटल्यावर तोंड उजळलं. "आप्पासाहेब व्हय! या, आत या." चहा ओततानाही त्यांनी बोटानं आधी कपाचा काठ चाचपला, तरी थोडा बशीत सांडलाच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. फेब्रुवारीत ऑपरेशन ठरलं होतं.

"वहिनी, दरसाल खंडेनवमीला कालिजात जाता, तशा औंदा गेल्ता का?"

"गेल्ते की! न चुकता जाते. मालक हुते तवा ते स्वतः पूजा मांडायचे. हातोडा, छिनी, भिंगं आन् मधी ती पेटी. औंदा सेक्रेटरी म्हनं प्रयोगशाळेत हळदकुंकू नको म्हनले. पर दानीएल भला मानूस. गुपचूप दार उघडून दिलं, किल्ली हातात ठेवली, आन् आपन व्हरांड्यात उभा राहिला. म्हनला, पूजा तुमची, तुमीच मांडा."

"पेटीचीच पूजा केली?"

मनकर्णाबाईंच्या आवाजात लाडिक अभिमान आला. "मालक पेटीलाच कुंकू लावायचे. मी म्हनलं, लाकडाची कसली पूजा? औंदा मी देव बाहेर काढला. खिडकीपाशी मालकांची खुर्ची असायची ना, तिथल्या मेजावर मांडला. ओलं कुंकू लावून वर सोन्याचं पान ठेवलं. दसऱ्याला उठवायची हुती पूजा, पर मला ताप भरला. दानीएल म्हनला, मी ख्रिस्ती मानूस, तुमची पूजा मोडनार न्हाई, खोलीला कुलूप घालतो, बऱ्या व्हा मग उठवा. मग सुट्टी सरता सरता गेले, त्यो पुन्यांदा व्हरांड्यातच थांबला, आन् मी चाचपून चाचपून पेटीत ठेवला. का हो? काय झालं?"

"काय न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. आणि त्यांनी कप खाली ठेवला. आता लख्ख दिसत होतं. दानीएलला वाटत होतं की बाईंनीच नवऱ्याची आठवण म्हणून खरा दगड घरी नेला. आणि तो त्यांच्यासाठी चोर व्हायला तयार झाला होता. पण बाई तर बोलत होत्या दुधासारखं स्वच्छ. त्यांनी ठेवला तो ठेवला. मग निळा आला कुठून?

घरी येऊन त्यांनी फेटा खुंटीला टांगला आणि डोकं धरून ओट्यावर बसले. त्यांची बायको रंगुबाई तेलाची वाटी घेऊन आली, टाळूवर तेल थापता थापता खुदकन हसली.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाई. जन्मभर उन्हातान्हात चोरांमागं पळालात, त्याची निशानी. फेट्याखाली साहेबाचं कपाळ, आन् खाली तव्याचं बूड! कुनाला वाटंल, दोन मानसांची तोंडं जोडलीत."

आप्पासाहेब ताडकन उठले. वाटी लवंडली, तेल अंगणात गेलं.

"रंगे," ते ओरडले, "फौजदार तू व्हायला पायजे हुतीस!"

५

सोमवारी सकाळी समिती आली. मध्ये बसलेले पांढऱ्या केसांचे प्रमुख स्वतः दगडांचे जुने जाणकार होते. श्रीमंतराव भाषणात गुंतवून वेळ मारून नेणार होते, तेवढ्यात आप्पासाहेब मनकर्णाबाईंचा हात धरून आत आले. मागे दानीएल, त्याच्या मागे पठारे बाई.

"आप्पासाहेब, आत्ता नको," श्रीमंतराव दात ओठ खात पुटपुटले.

"आत्ताच. पाहुण्यांनो, ही मंडळी म्हनतात आमचा दगड चोरीला गेला. मी म्हनतो, पेटीत हाय त्योच आमचा दगड."

प्रमुखांनी चष्मा लावला. श्रीमंतराव लालबुंद झाले.

"पहिलं," आप्पासाहेब म्हणाले, "चोर दगड बदलतो तो कळू नये म्हनून. नितळ न्हेऊन निळा ठेवनारा चोर मी उभ्या नोकरीत बघितला न्हाई. दुसरं, या दगडाला जिल्ह्यात जोडीदार न्हाई, ही धंदेवाल्याची साक्ष. तिसरं, सरांनी ही खाच त्यांच्या दगडाच्या मापानं करून घेतली, आन् हा तिच्यात चपखल बसतो. आता सेक्रेटरी साहेब, जरा पाकीट काढा."

"पाकीट? कशाला?"

"काढा तर."

श्रीमंतरावांनी पाकीट काढलं. नगरच्या कुठल्याही व्यवहारी माणसाच्या पाकिटात दसऱ्याचं जे निघायचं ते निघालंच: देवापुढून आणलेलं आपट्याचं पान. आप्पासाहेबांनी ते अलगद उचललं आणि दगडावरच्या डागाजवळ धरलं. दोन गोल पाकळ्या, मध्ये खाच. पान जरा मोठं होतं, पण घाट हुबेहूब तोच.

प्रमुख खुर्ची सरकवून पुढे वाकले.

"चिरेत तांबडं दिसतंय ते कुंकू. खंडेनवमीला या दगडाची पूजा झाली. वर पान चिकटवलं. मग अख्खी सुट्टी तो खिडकीत, ऑक्टोबरच्या उन्हात पडून हुता. जिथं पान हुतं तिथं फिका राहिला, बाकी सगळा..." त्यांनी फेटा काढून बगलेत धरला आणि आपलं दुरंगी कपाळ समितीपुढे केलं. "दगड रापलाय, साहेब. माझ्यासारखा. बाई, उलटा करा त्याला."

पठारे बाईंनी श्वास रोखून दगड खाचेतून काढला आणि उलटा केला.

खालचं अंग नितळ होतं. हिरवट झाकेचं, पाण्यासारखं, सर दाखवायचे तस्संच.

"अगं बाई!" पठारे बाईंचा आवाज चिरकला. "म्हणजे ते रंग वेगळ्या खाणींचे नव्हते! एकाच दगडाचे रंग. त्याच्यातलं लोखंड! उजेड लागला की ते पालटतं, आधी निळं, मग काळपट. म्हणून सर पडदे ओढायचे! आणि मी इतकी वर्षं म्हणतेय, नाटकी."

"बरोबर," प्रमुख म्हणाले. त्यांनी दगड आपल्या सावलीत घेतला होता. "खाणीच्या अंधारात जन्मलेला हा. बाहेर काढल्यावर याला जपणारे फार थोडे. मी पाहिलेले बहुतेक निळे पडलेलेच होते. इतकी वर्षं नितळ ठेवणारा माणूस कोण होता?"

"माझे मालक," मनकर्णाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना सगळं कळलं. त्या चाचपडत पुढे आल्या, पण बोलल्या ठणठणीत. "आन् त्यो बिघडवला मी. पूजा मी केली. दानीएलनं न्हाई. ज्याला बोलायचं त्यानं मला बोलावं."

दानीएल इतका वेळ दगडासारखा उभा होता. आता त्याचा बांध फुटला. तो बाईंच्या पायाशीच बसला.

"आई, मला मापी द्या. मला वाटलं तुमीच न्हेला. मी तुमच्यावर संशय घेतला."

"अन् तरी माझ्यापायी चोर झालास व्हय रे?" मनकर्णाबाईंनी त्याचं डोकं चाचपून हात ठेवला. "मालक सांगायचे, माझी पेटी सागवानाची न्हाई, दानीएलची हाय. आज पटलं मला."

प्रमुखांनी रुमालानं चष्मा पुसला. "बाई, तुम्ही काही बिघडवलं नाही. खालून नितळ, वरून निळा, आणि मध्ये आपट्याचं पान! हे खनिज काय आहे हे शिकवायला मला याहून चांगला नमुना ठाऊक नाही. वर्ग सुरू करा, सेक्रेटरी साहेब. पहिला धडा तयारच आहे तुमच्याकडे."

श्रीमंतराव उठले. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा कोता नव्हता. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"दानीएल, चुकलं माझं. सगळ्यांसमोर माफी मागतो."

"मापी ऱ्हाऊ द्या, साहेब," दानीएल डोळे पुसत उभा राहिला. "किल्ली द्या."

त्यानं ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि क्रुसाशेजारी नीट बसवली. प्रमुख अजून भिंग लावून दगडावर वाकले होते. दानीएल टेबलापाशी गेला, पुण्याच्या त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातून त्यानं दगड हळूच काढून घेतला आणि खाचेत ठेवला.

"बास झालं, सर," तो म्हणाला. "त्याला ऊन लागतं."

आणि झाकण लावून किल्ली फिरवली.